टेडी बेअरवाली फाइल

धारवाडच्या सप्तापुरात काकूंकडे विंडोज ९८चा कॉम्प्युटर होता. २००२ साली एक ईमेल फिरत होता: टेडी बेअरचं चित्र असलेली ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची फाइल सापडली तर तो व्हायरस, लगेच पुसा. काकूंनी शोधली, सापडली, पुसून टाकली. ती खरं तर विंडोजचीच फाइल, जावा प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या कामाची! नशीब, तिच्यावाचून फारसं अडत नव्हतं. त्याच डिस्कवरची एखादी मोक्याची फाइल गेली असती, तर कॉम्प्युटर पुन्हा सुरूच झाला नसता.

विंडोज ९८ची डिस्क ‘फॅट’ पद्धतीने मांडलेली असे. फाइल कुणाची, तिला हात कोण लावू शकतो, याची नोंदच तिथे नसते. घरात येईल त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या. एनटीएफएस पद्धतीत मात्र प्रत्येक फाइलसोबत मालकाची नोंद असते, आणि २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तर ॲडमिनिस्ट्रेटरलाही गाभ्यातल्या फाइली सहजासहजी पुसता येत नाहीत.

काकूंना अडाणी म्हणणं मला मुळीच पटत नाही. दार उघडं ठेवलं होतं ते यंत्रणा बनवणाऱ्यांनी. आता पडद्यावर परवानगीची चौकट आली, की ‘येस’ दाबण्याआधी काकू मला फोन करतात आणि चौकटीतलं अक्षर न् अक्षर वाचून दाखवतात.