ताट सावरा, पाय चालते ठेवा

‘आम्हाला कसला आलाय व्यायाम? दिवसभर राबतोच की!’

गावात चालण्या-धावण्याचा विषय काढून बघा. पारावर, बंदरावर, चावडीत हेच उत्तर मिळेल. एके काळी ते खरंही होतं. मार्व्याहून खाडी ओलांडून मनोरीच्या धक्क्यावर उतरलेला माणूस पायीच घरी जायचा. कोळीण डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायची. शेतकरी बैलांमागे चालत नांगर धरायचा, आणि घरचं पाणी विहिरीतून शेंदावं लागायचं. आज फेरीबोटीत माणसाबरोबर मोटारसायकलही चढते. बैलांची जागा यंत्राने घेतली आणि बटण दाबलं की मोटार पाणी चढवते. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण ताटातला भाताचा डोंगर मात्र नांगरधऱ्याच्या काळातलाच राहिला. त्यात बिस्किटं, फरसाण आणि थंड पेयांची भर पडली. हिशेब चुकला तो इथेच.

हा हिशेब किती महागात पडतो ते पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचं प्रमाण शहरात जास्त आढळलं हे खरं. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे ‘हा शहरी साहेबांचा रोग’ असं म्हणून आपल्याला सुटका नाही.

शेतकऱ्याला आणि मच्छिमाराला तर हा रोग दुहेरी मार देतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव कमी होते. चिखलणी करताना काच घुसली, किनाऱ्यावर कालवाची धार लागली, तरी कळत नाही. जखम चिघळते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर बोट, कधी पाऊलही काढावं लागतं. ज्याचा पाय गेला त्याची लावणी कोण करणार आणि त्याची होडी कोण लोटणार?

मांडव्याचा धडा

धावायला जन्मजात अंग लागतं, असा अनेकांचा समज असतो. त्यांनी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याकडे पाहावं. तिथल्या मांडवा गावचे अविनाश साबळे शेतकरी कुटुंबातले. शाळा सहा किलोमीटरवर, तीही पायी. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचीनला पहारा दिला. शर्यतीच्या सरावाला लागले ते त्यानंतर, विशी ओलांडल्यावर. मध्यंतरी त्यांचं वजन वाढलं होतं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे २० किलो वजन उतरवलं. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने हुकलं.

आपल्याला काही पदक आणायचं नाही. साबळ्यांची सैनिकी मेहनत उचलण्याचाही विचार करू नका. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की सुरुवात उशिरा झाली तरी चालते आणि वाढलेलं वजन उतरतं.

उतावळ्याचा गुडघा

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण धावायला निघालेल्या नवख्याला अगदी लागू पडते. पहिल्याच दिवशी ईर्ष्येने दोन मैल पळायचं, दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसायचं आणि तिसऱ्या दिवशी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणायचं, असं पुष्कळांचं होतं. छाती लवकर तयार होते, पण सांधे आणि स्नायूंचे बंध सावकाश तयार होतात. म्हणून पुढचा क्रम ठेवा.

पहिले दोन आठवडे धावूच नका. आठवड्यातून पाच दिवस २० ते ३० मिनिटं झपझप चाला. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनच दिवस धावा. आधी पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा करा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाला. पुढे दर आठवड्याला धावण्याचा वेळ थोडा वाढवा, चालण्याचा थोडा घटवा. घाई केली नाही तर अडीच-तीन महिन्यांत बरेच जण २० ते ३० मिनिटं न थांबता धावू लागतात. एखाद्या आठवड्यात जड गेलं तर तोच आठवडा पुन्हा करा, त्यात कमीपणा नाही.

वेग किती असावा? त्याला घड्याळ नको. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा.

मनोरीकरांना किनारा मोकळा आहे, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत नवख्याने धावू नये. घोटा मुरगळतो, पोटऱ्या भरून येतात. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू चांगली. तिची वेळ कोळी बांधवांना सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी असते, अष्टमीच्या भांगाला त्याच वेळी भरती. भरतीच्या दिवशी रस्ता धरा, पण समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेने धावा. पायात चपला नकोत, मऊ तळाचे साधे बूट पुरेत. मधुमेह असलेल्याने तर वाळूतही अनवाणी धावू नये. परतल्यावर तळपाय रोज उलटून बघावेत.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागतात आणि खलाशी घरी बसतात. अंगमेहनत एकदम थांबते, खाणं तसंच चालू राहतं. नारळी पौर्णिमेपर्यंत पोट पुढे येतं ते यामुळेच. पाऊस उघडला की अर्धा तास बाहेर पडायला हा काळ सर्वांत चांगला.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी धावताना साखर कमी होऊ शकते हे लक्षात ठेवून खिशात चार गोड गोळ्या ठेवाव्यात. छातीत दाटलं, भोवळ आली, घाम फुटला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

हातचं सोडू नका

आता ताटाकडे वळू. तब्येत सुधारायची म्हणजे दुकानातले महागडे डबे आणायचे, असं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचं कारणच नाही. बांगडा, तारली यांतली चरबी हृदयाला हिताची आहे. बोंबील आणि मांदेली ही तर गरिबाघरची ताकद. फक्त रोज रवा लावून तेलात तळण्यापेक्षा कालवण करा, तळणं सणासुदीला ठेवा.

ताटाचे मनातल्या मनात चार भाग पाडा. एका भागात भात किंवा भाकरी, दुसऱ्या भागात मासळी, डाळ किंवा उसळ आणि उरलेल्या दोन भागांत भाज्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तांदळाची भाकरी खाऊन वर भात घेतला तर दोन्ही वेळा तांदूळच पोटात जातो. दोन्हींपैकी एक घ्या, किंवा भाकरीत नाचणी मिसळा. भाजीसाठी दूर जायला नको. दारचा शेवगा आहे, परसातला अळू आणि माठ आहे, पावसात टाकळा-कुरडू उगवतो. मळ्यातली चांगली भाजी बाजारात आणि घरात मुलांना बिस्किटाचा पुडा, ही उलटी रीत मोडायला हवी.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यात सुकी मासळी, पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही धरायचं. खारवलेली मासळी गरम पाण्यात भिजवून, दोन पाणी बदलून मग शिजवा. चहाचा हिशेब घरीच करून पाहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर, जवळजवळ ५० ग्रॅम. एकदम सोडू नका. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळणारही नाही.

गावाच्या कारभाऱ्यांना

हे सगळं माणसाने एकट्याने करायचं म्हटलं तर आठ दिवसांत उत्साह मावळतो. बायांना तर ‘लोक काय म्हणतील’ हीच मोठी अडचण. त्यांना सांगा, माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर धावत धावत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचली. चार जणी मिळून निघाल्या की बोलणारे आपोआप गप्प होतात.

कारभाऱ्यांना यात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. शाळेचं मैदान पहाटे दोन तास उघडं ठेवा. धावण्याच्या रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का ते बघा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची तरतूद सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आरोग्य सेविका आणि आशाताईंना बरोबर घेऊन वाडीवार तपासणीचा दिवस ठरवा. मनोरीसारखं गावठाण महापालिकेत असेल तर तीच मागणी वॉर्ड ऑफिसात करा, ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. सभेच्या चहाबरोबर वडे-बिस्किटांऐवजी उकडलेल्या शेंगा आणि केळी ठेवा. आणि गावात शर्यत भरवलीत, तर पहिल्या आलेल्याबरोबर तीन महिने न चुकता मैदानावर आलेल्यालाही बक्षीस द्या.

सुरुवातीला पैसा लागत नाही. उद्या पहाटे वीस मिनिटं चाला आणि दुपारच्या ताटात भाताची एक मूठ कमी करून भाजीची एक मूठ वाढवा. एवढं महिनाभर टिकलं की मग धावायचं बघू.