कुत्रीची नसबंदी : आधीची आणि नंतरची काळजी

घरच्या कुत्रीची नसबंदी करायची ठरली, की डॉक्टर पहिली ताकीद देतात : आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका. कारण साधे आहे. भुलेत उलटी झाली, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. मुलांनाही हे नीट सांगा. दया येऊन दिलेले एक बिस्किटही धोक्याचे ठरते. चुकून दिले गेलेच, तर लपवू नका. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. पाणी केव्हा बंद करायचे, तेही डॉक्टरांनाच विचारा.

घरी आणल्यावर गुंगी उतरेपर्यंत उबदार, कोरड्या जागी जमिनीवरच झोपवा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडेच खाऊ द्या. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर बांधा. 10 ते 14 दिवस आंघोळ, उड्या, पळापळ बंद. जखम रोज पाहा. रक्त, पू, वाढती सूज, पांढुरक्या हिरड्या दिसल्या किंवा दुसऱ्या दिवशीही तिने अन्न घेतले नाही, तर लगेच दवाखाना गाठा. आपल्यासाठी आणलेली पॅरासिटामॉल, ब्रुफेन मनाने देऊ नका. ती जिवावर बेतू शकते. दुखते कुठे, हे तिला सांगता येत नाही; ते आपणच ओळखायचे.