चार बाइटांचे उत्तर

2013 च्या मध्याला चीनमधल्या ‘ॲसिकमायनर’ या कंपनीने पेनड्राइव्हपेक्षा जरासे मोठे एक यंत्र विकायला काढले. नाव होते ‘ब्लॉक इरप्टर यूएसबी’. त्यावर एकच चिप होती आणि पाठीला उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी. ते सेकंदाला सुमारे 33 कोटी हॅश काढत असे आणि त्यासाठी जेमतेम अडीच वॅट वीज खात असे. एवढ्याच वेगासाठी तोवर गेम खेळायचे महागडे ग्राफिक्स कार्ड लागे आणि ते दीडशे-दोनशे वॅट ओढी. बिटकॉइन मायनिंग म्हणजे तापलेली कार्डे आणि घोंघावणारे पंखे, हे चित्र या यंत्राने बदलले. पहिल्या खेपेला एका यंत्राची किंमत होती सुमारे दोन बिटकॉइन.

आज त्यातून कमाई शून्य आहे. तरीही बिटकॉइन आतून कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर या यंत्राइतका चांगला शिक्षक मला दुसरा दिसत नाही. त्याच्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

मायनिंगचे काम तसे सोपे आहे. नव्या ब्लॉकचे, म्हणजे व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याचे, शीर्षक 80 बाइटांचे असते. त्यावर एसएचए-256 हे गणित दोनदा करायचे आणि येणारी संख्या, म्हणजेच हॅश, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली का ते पाहायचे. नाही आली तर शीर्षकातला ‘नॉन्स’ हा चार बाइटांचा आकडा बदलायचा आणि पुन्हा तेच करायचे. नॉन्सच्या एकूण शक्यता सुमारे 429 कोटी. ब्लॉक इरप्टर त्या सगळ्या साधारण तेरा सेकंदांत तपासून संपवतो. मग त्याला नवे काम द्यावे लागते.

इथे यूएसबीची गंमत कळते. इतके प्रचंड गणित एका साध्या, संथ जोडणीवर कसे चालते? शीर्षकाच्या पहिल्या 64 बाइटांवरची प्रक्रिया संगणक आधीच करून ठेवतो. चिपकडे जातो तो त्या प्रक्रियेचा 32 बाइटांचा मधला निकाल, शीर्षकाचे उरलेले 12 बाइट आणि जागा भरायला काही शून्ये, असा एकूण 64 बाइटांचा संच. चिप आत कोट्यवधी वेळा तेच गणित करते आणि काही सापडले तरच बाहेर पाठवते फक्त चार बाइट, म्हणजे सापडलेला नॉन्स. यंत्राला संगणकाची ताकद लागत नाही, फक्त निरोप्या लागतो. म्हणूनच रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर अशी दहा-वीस यंत्रे सहज चालत.

तो निरोप्या म्हणजे मायनिंग सॉफ्टवेअर. त्यातले सर्वांत गाजलेले नाव ‘सीजीमायनर’. ते घडवले कॉन कोलिव्हास यांनी. ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. लिनक्सच्या कर्नलमध्ये कामांचे वाटप अधिक न्याय्य व्हावे यासाठी त्यांनी केलेले काम आधीपासून नावाजलेले होते. जेफ गार्झिक यांच्या साध्या सीपीयू-मायनरवरून सुरुवात करून 2011 पासून त्यांनी सीजीमायनर वाढवले आणि त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे बिटमेन कंपनीच्या ॲन्टमायनरसारख्या मोठ्या यंत्रांतही त्याचीच रूपे चालली. ल्यूक डॅशज्युनियर यांनी त्यातूनच वेगळी शाखा काढली, ती ‘बीएफजीमायनर’. एका डॉक्टरने मोकळ्या वेळात लिहिलेला खुला कोड एका अख्ख्या उद्योगाचा पाया ठरला, ही गोष्ट संगणक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असावी असे मला वाटते.

आता जोडणी. पहिला प्रश्न विजेचा. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 5 व्होल्टला 500 मिलिॲम्पिअर मिळतात, म्हणजे बरोबर अडीच वॅट. ब्लॉक इरप्टर नेमका त्याच काठावर उभा आहे. एक यंत्र संगणकात थेट लावले तर चालून जाते, पण दोन-चार लावायची असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावाच लागतो. हबचा अडॅप्टर किती ॲम्पिअरचा आहे हे आधी पाहावे. दहा यंत्रांना पाच ॲम्पिअर लागतात आणि स्वस्त हबांचा अडॅप्टर बहुधा त्याच्या निम्माही नसतो. मग यंत्रे मधूनच गायब होतात आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. पट्टी हाताला चटका देईल इतकी तापते, तेव्हा वर एक छोटा पंखा ठेवावा.

दुसरा प्रश्न ड्रायव्हरचा, आणि नवखे लोक सर्वाधिक अडतात ते इथेच. यंत्रातली एक छोटी चिप यूएसबीचे रूपांतर जुन्या सीरियल पोर्टमध्ये करते. बीएफजीमायनर यंत्राशी याच सीरियल पोर्टमधून बोलतो. सीजीमायनरला मात्र यूएसबीचा थेट ताबा हवा असतो. त्यासाठी विंडोजवर ‘झॅडिग’ हे छोटे साधन वापरून ‘विनयूएसबी’ ड्रायव्हर बसवावा लागतो. तो बसवला की सीरियल पोर्ट नाहीसा होतो आणि बीएफजीमायनरला यंत्र दिसेनासे होते. म्हणून कोणते सॉफ्टवेअर वापरायचे ते आधी ठरवावे आणि मगच ड्रायव्हरला हात लावावा. झॅडिगच्या यादीत चुकून माउस किंवा कीबोर्ड निवडला तर तोच बंद पडतो, तेव्हा नाव दोनदा वाचावे. लिनक्सवर ड्रायव्हर शोधावा लागत नाही, पण साध्या वापरकर्त्याला यंत्राची परवानगी देणारा नियम लिहावा लागतो.

तिसरी पायरी सर्वांत सोपी. सॉफ्टवेअरला तीन गोष्टी सांगायच्या: पूलचा पत्ता व पोर्ट, आपले नाव आणि संकेतशब्द. पूल म्हणजे अनेकांनी ताकद एकत्र करून मिळकत वाटून घेण्याची व्यवस्था. पहिला पूल 2010 च्या अखेरीस प्राग इथे मारेक पलाटिनस यांनी सुरू केला. पूल आणि मायनर आज ज्या ‘स्ट्रॅटम’ नियमावलीने बोलतात, तीही त्यांचीच देणगी. या तीन ओळी एकदा सेटिंगच्या फाइलमध्ये जतन केल्या की पुन्हा टाइप कराव्या लागत नाहीत.

मग पडद्यावरचे आकडे वाचायला शिकावे. पूलने मान्य केलेल्या शेअरांचा, म्हणजे त्याला पाठवलेल्या उत्तरांचा, एक आकडा, नाकारलेल्यांचा दुसरा आणि ‘हार्डवेअर एरर’चा तिसरा. हा तिसरा मला सर्वांत बोलका वाटतो. चिपने पाठवलेला नॉन्स सॉफ्टवेअर तसाच पुढे ढकलत नाही, ते स्वतः एकदा गणित करून तो तपासते. उत्तर चुकले तर त्याची नोंद एररमध्ये होते. हा आकडा वाढत असेल तर वीज कमी पडते आहे किंवा यंत्र तापले आहे असे समजावे. स्वतःच्या यंत्राचा शब्दही न तपासता मानायचा नाही, हीच तर बिटकॉइनची रीत.

आता हिशेब. 2013 च्या जूनअखेर साऱ्या नेटवर्कचा वेग होता सेकंदाला सुमारे 150 टेराहॅश. त्या हिशेबाने एका ब्लॉक इरप्टरच्या वाट्याला दिवसाला सुमारे 0.008 बिटकॉइन येत. दोन बिटकॉइनची किंमत आठ-नऊ महिन्यांत वसूल होईल असे कोणालाही वाटावे. पण दर 2016 ब्लॉकनंतर नेटवर्क स्वतःची काठिण्यपातळी, म्हणजे वर सांगितलेली मर्यादा किती कठोर ते, बदलते. वेगवान यंत्रांची रांग लागली आणि डिसेंबरअखेर ती पातळी पन्नासपटीहून वर गेली. रोजची मिळकत त्याच प्रमाणात आटली. दोन बिटकॉइन मोजणाऱ्याला ते दोन बिटकॉइन मायनिंगमधून परत मिळणे गणितानेच अशक्य झाले. 2024 मध्ये नेटवर्कचा वेग सेकंदाला 600 एक्झाहॅशच्या आसपास होता. त्या वेगाशी स्पर्धा करत एकट्या ब्लॉक इरप्टरला एक ब्लॉक सापडायला सरासरी सुमारे साडेतीन कोटी वर्षे लागतील. ‘गेकोसायन्स’ची नंतरची यूएसबी यंत्रे याच्या कित्येक शे पट वेगवान आहेत, पण मिळकत टिकत नाही हा निष्कर्ष बदलत नाही.

हा निष्कर्ष महाराष्ट्राने फार महागात शिकला. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने मायनिंगच्या नावाखाली दरमहा 10 टक्के परतावा 18 महिने देण्याचे वचन दिले. देशभरातले लोक फसले, पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. काठिण्यपातळी वाढली की त्याच यंत्राची मिळकत घटते, हे ज्याने एका छोट्या यंत्राच्या पडद्यावर महिनाभर पाहिले असेल, त्याला अठरा महिने सारखाच परतावा देणारे मायनिंग ऐकताक्षणी खोटे वाटेल.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. जुना यूएसबी मायनर मिळाला तर प्रयोगशाळेत लावा. दिवसरात्र चालला तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा वीज लागत नाही. मुलांना ड्रायव्हरशी झगडू द्या, एरर मोजू द्या, हिशेब स्वतः मांडू द्या. आणि वाचकहो, मायनिंगमधून खात्रीशीर कमाईचे आमिष कोणी दाखवले तर चार प्रश्न विचारा: हॅशचा वेग किती, वॅट किती, युनिटचा दर किती आणि काठिण्यपातळी वाढल्यावर काय? चौथ्याचे उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नका.