इंदूरच्या घरात समुद्रातली ‘गार्डन ईल’ पाळायचीय? आधी वाळूचं वजन करा

इंदूर : तापी असो की नर्मदा, काठच्या माणसाला ‘वाम’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सापासारखी लांब, वाळूत-चिखलात घुसून बसणारी. समुद्रातही अशीच वाळूत राहणारी, पण स्वभावाने कितीतरी नाजूक अशी एक जात आहे, तिचं नाव गार्डन ईल. पांढऱ्या वाळूतून डझनावारी बारीक माना वर आलेल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि पाण्याच्या प्रवाहात गवतासारखं डोलणं. मोबाइलवर व्हिडिओ बघितला की घरी आणावीशी वाटतेच.

पण इंदूरहून मुंबईचा समुद्र रस्त्याने 600 किलोमीटरच्या आसपास. इथल्या एखाद्या घराच्या हॉलमध्ये ही ईल जगेल का? जगू शकते. मात्र ती विकत घेणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

आधी ती कशी राहते ते बघू. ठिपकेवाली गार्डन ईल साधारण 40 सेंटीमीटर लांब होते, जाडी मात्र पेन्सिलीपेक्षा थोडीच जास्त. ती शेपटीकडून वाळूत शिरते आणि अंगातून निघणाऱ्या चिकट द्रवाने बिळाच्या भिंती लिंपते, म्हणून बीळ ढासळत नाही. त्यानंतर ती सहसा ते सोडत नाही. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, आणि प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव दिवसभर टिपत राहायचं. जरा सावली हलली की सगळी वसाहत वाळूत गडप. शास्त्रात या ईलची नोंद 1959 साली झाली. ऑस्ट्रियाचे पाणबुडे हान्स हास यांच्या ‘झारिफा’ जहाजाच्या 1957-58 च्या सफरीनंतर मालदीव आणि आपल्या निकोबारच्या समुद्रातल्या ईलवर तो निबंध निघाला, आणि हिच्या शास्त्रीय नावात हास यांचंच नाव आलं.

ती किती लाजाळू आहे याचा किस्सा टोकियोचा. तिथलं सुमिदा अॅक्वेरियम कोरोनामुळे मार्च 2020 पासून बंद होतं. माणसं दिसेनाशी झाली तशा तिथल्या सुमारे 300 ईल कर्मचाऱ्यांनाही घाबरून वाळूत लपायला लागल्या. कोण आजारी आहे, कोण नाही, हे तपासणंच अवघड झालं. शेवटी 3 ते 5 मे या तीन दिवसांत टाकीसमोर टॅब्लेट लावले आणि लोकांना विनंती केली, व्हिडिओ कॉल करा, ईलना चेहरा दाखवा, फक्त ओरडू नका. ऐकायला गंमत वाटते, पण घरच्या टाकीत हाच घोळ जीवघेणा ठरतो. लपलेली ईल खात नाही, आणि ती खात नाहीये हे मालकाला दिसतही नाही.

आता हिशेब. उभं बीळ करायचं तर वाळूचा थर किमान 15 ते 20 सेंटीमीटर हवा, आणि वाळू बारीक. 5 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच अशी टाकी धरा. त्यात 20 सेंटीमीटर थर म्हणजे सुमारे 180 लिटर वाळू, वजन अडीचशे किलोच्या पुढे. वरचं आणि वाळूत मुरलेलं पाणी मिळून 380 लिटरच्या घरात. काच आणि स्टँड धरलं की साडेसातशे किलोला सहज पोहोचतं. एवढं वजन एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर! भारतीय मानकानुसार घरातल्या खोल्यांच्या स्लॅबसाठी वापराचा भार चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरतात. भिंतीलगत, बीमवर टाकी ठेवली तर गोष्ट वेगळी असू शकते, पण ते इंजिनिअरने सांगायचं, दुकानदाराने नव्हे. जुन्या इंदुरातल्या तळमजल्यावरच्या घरांना ही चिंता कमी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं.

मीठ आणि पाणी

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीलाच 13 किलो मीठ, आणि तेही अॅक्वेरियमसाठी तयार केलेलं, ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात असतं. खड्याचं मीठ इथे चालत नाही. पुढे दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर वर्षाला 70 किलोच्या आसपास मीठ आणखी लागतं. हा खर्च बिलात पहिल्या दिवशी दिसत नाही.

पाणी आरओचं लागतं. स्वयंपाकघरातलं आरओ यंत्र चवीसाठी थोडे क्षार राखतं, ते उपयोगाचं नाही, जवळजवळ शून्य क्षाराचं पाणी हवं. आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे आरओ त्याहून जास्त पाणी सोडून देतं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून 70 किलोमीटर पंपाने चढवून आणावं लागतं, तेव्हा ते सोडलेलं पाणी निदान लादी पुसायला आणि झाडांना तरी वापरावं.

खरी परीक्षा मे महिन्यात. ईलला 24 ते 27 अंश पाणी मानवतं आणि बाहेर पारा 40 च्या वर. माळव्याच्या रात्रींचं, ‘शब-ए-मालवा’चं, कौतुक खरं असलं तरी दुपारी ते कामाला येत नाही. एवढ्या मोठ्या टाकीला चिलर लागतोच. टाकीवर पंखा लावायची युक्ती इथल्या कोरड्या उन्हाळ्यात काही अंश उतरवते, जून-जुलैत हवा दमट झाली की तिचा जोर ओसरतो. शिवाय पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तेव्हा घट भरायची ती साध्या आरओ पाण्याने. खारं पाणी ओतत राहिलात तर पंधरा दिवसांत टाकी जास्त खारट होईल. दिवे गेले तर प्रवाह थांबतो, प्राणवायू घटतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात तयार ठेवावा.

खाणं हेच मूळ दुखणं

घरच्या टाकीतल्या गार्डन ईलला मोठा धोका उपासमारीचा असतो. सकाळी एकदा चिमूटभर दाणे टाकून ती जगत नाही. ब्राइन श्रिंपची पिल्लं, कोपेपॉड, बारीक गोठवलेलं खाद्य, हे दिवसातून तीन-चार वेळा तरी मंद प्रवाहाने तिच्या तोंडासमोरून जायला हवं. बिळातून उठून ती खाली पडलेलं शोधायला जात नाही. आणि एवढं खाद्य टाकलं की उरलेलं सडतं, अमोनिया वाढतो. म्हणून चांगला स्किमर हवा, टाकी निदान काही महिने मुरलेली हवी. नोकरीसाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या नवरा-बायकोच्या घरात हे कोण करणार, हा प्रश्न काचेची ऑर्डर देण्याआधी विचारावा.

सोबतीला दुसरे मासे शक्यतो नकोतच. आक्रमक मासा असला की ईल बाहेर येत नाही, वाळू उकरणारा असला की बीळ टिकत नाही. एकटी ईलही घाबरलेलीच राहते, चार-सहाचा गट लागतो. झाकण घट्ट, फटी बुजवलेल्या, कारण बिथरलेली ईल बोटभर फटीतून बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते. सजावटीला प्रवाळ किंवा समुद्रघोडा सुचवणारे भेटतील. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या संरक्षित यादीत आहेत, त्या फंदात पडू नये.

व्यापारात येणाऱ्या गार्डन ईल जवळपास सगळ्या समुद्रातून पकडलेल्या असतात. तिथून पिशवीत, विमानाने, मग पुन्हा पिशवीत, असा प्रवास करून इंदूरला आलेली ईल किती दिवस उपाशी असेल याचा अंदाज बांधता येतो. ज्यांना फक्त वाळूत घुसणारा मासा हवाय, त्यांच्यासाठी गोड्या पाण्यातल्या वामीच्या लहान जाती आहेत. मीठ नको, थर उथळ चालतो, गांडुळं आवडीने खातात.

तरीही गार्डन ईलच हवी असेल तर टाकी हिवाळ्यात लावावी, नुसती वाळू-पाणी घालून एक अख्खा उन्हाळा काढावा आणि थर्मामीटरची रोजची नोंद ठेवावी. दिवाळीच्या सुमारास दुकानात जावं, ईल आधीपासून वाळूत ठेवलेली आहे का ते बघावं आणि समोर खाऊन दाखवायला सांगावं. पिशवीत वेटोळं करून पडलेली, डोक्यामागे खोबण दिसणारी ईल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.