राजीनाम्यावरची सही

परवा रात्री भाचीचा फोन आला. वाळूजच्या एका कारखान्यात ती कामाला आहे. चौथा महिना लागलाय. म्हणाली, "मावशी, साहेब म्हणतात, सध्या राजीनामा देऊन टाक, मोकळी झालीस की परत घेऊ. काय करू?"

हे वाक्य मी ओळखते. १९९० साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. पाचव्या महिन्यात मला ऑफिसात बोलावलं, बसायला खुर्ची दिली (एरवी आम्हा बायकांना तिथे उभंच राहावं लागे), चहा पाजला आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी सही केली. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर गेले, तर गेटवरच कळलं, जागा भरली. मला कुणी काढलं नव्हतं. कागदोपत्री मीच गेले होते.

पुढच्याच वर्षी नीरा माथुर यांचा निकाल लागला. आयुर्विमा महामंडळाने प्रोबेशनवरच्या या बाईंना फेब्रुवारी १९९० मध्ये, बाळंतपणाच्या रजेत, कमी केलं होतं. कारण काय, तर भरतीच्या फॉर्मात पाळीची तारीख चुकीची लिहिली! सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. त्याआधी, १९८१ मध्ये, पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियमही याच न्यायालयाने मोडीत काढला होता. वाचून बरं वाटलं, आणि पोटात कालवलंही. त्या बायकांच्या विरोधात मालकाचा कागद होता, त्यावर भांडता आलं. माझ्या विरोधात माझीच सही होती.

कायदा नव्हता असं कसं म्हणू? मुंबई इलाख्यात तो १९२९ मध्येच झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. प्रसूतीच्या रजेवरच्या बाईला काढायला १९६१ च्या कायद्याने मनाई केली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मनाई आहे. पण 'आपणहून' गेलेल्या बाईपाशी येऊन हे सगळं थांबतं.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. माझ्या पगारातून दरमहा ईएसआयचे पैसे कापले जात. म्हणजे माझ्या रजेचा पैसा विमा महामंडळ देणार होतं, मालकाच्या खिशातून नव्हे! त्याला फक्त तीन महिने जागा राखून ठेवायची होती. तेवढंही जड झालं. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हा आता किती जड होत असेल, याचा अंदाज भाचीच्या फोनवरून येतोच.

तिला म्हटलं, सही करू नकोस. डॉक्टरांचा दाखला जोडून रजेचा अर्ज लेखी दे, पोच घे, ईएसआयचं कार्ड जवळ ठेव. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर?"

उद्या सकाळच्या पाळीला आम्ही दोघी वाळूजला जाणार आहोत.