पस्तीस अंशांपलीकडचं नागपूर

ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. हा आकडा रसायनशास्त्राच्या पुस्तकात सहज नजरेखालून निघून जातो. मे महिन्यात नागपुरात बसून वाचला, तर मात्र माणूस सावरून बसतो. कारण एके काळी जगभरचे फोटो या ईथरच्या भरवशावर निघत होते.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि पुढची जवळपास तीस वर्षं तिचंच राज्य होतं. कलोडियन हा ईथर आणि अल्कोहोल घालून केलेला चिकट द्राव. तो काचेवर पसरायचा, काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात नेऊन धुवायची. मधल्या मिनिटांत काच वाळली की सगळी मेहनत वाया. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, नारायण दाजींसारखे आपले लोक त्याच दशकात हौसेने फोटो काढू लागले. तिथे समुद्र सांभाळून घेतो. नागपुरात वैशाखातल्या दुपारी कलोडियनची बाटली उघडणं म्हणजे त्यातलं ईथर हवेला दान करणंच झालं असतं.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली आणि ईथरची जागा जिलेटिनने. पण जिलेटिनही उन्हाचं मित्र नाही. कृष्णधवल फिल्म धुण्याचं प्रमाण तापमान २० अंश. त्यापेक्षा फार गरम पाणी लागलं की जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, त्यावर बारीक सुरकुत्या उमटतात, कधी तो सुटूनही येतो. गच्चीवरच्या टाकीतून उन्हाळ्यात नळाला कसलं पाणी येतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. आणि आता खिशातला फोन. ॲपल कंपनी आपल्या आयफोनसाठी भोवतालची हवा ० ते ३५ अंशांची असावी असं सांगते. त्याच्या वर फोन तापला की पडदा मंद होतो, फ्लॅश बंद पडतो, शेवटी फोन स्वतःच विश्रांती मागतो.

ईथर, जिलेटिन, फोनमधलं सिलिकॉन. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तिघंही पस्तिशीच्या आसपास येऊन अडखळतात. आणि २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता! म्हणजे या शहराच्या उन्हाळ्याचा बराचसा भाग कॅमेऱ्याच्या हद्दीबाहेरच घडत आला आहे. आपल्या घरातले जुने अल्बम काढून पाहा. लग्नं आहेत, मुंजी आहेत, वाढदिवसाला भिंतीपाशी रांगेत उभी केलेली मुलं आहेत. पण खिडकीला लावलेला कूलर, गच्चीवरची वाळवणं, अंगणात टाकलेल्या खाटा, चौकातली पाणपोई कुठे आहे? बडोद्यात तयार होणारा आगफाचा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता, त्यांना एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो मिळायचे. बारांपैकी एक कूलरवर कोण खर्च करणार?

म्हणूनच मला बिल ओवेन्सचं काम फार मोलाचं वाटतं. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर या गावी स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला नव्याने वसलेल्या वस्त्यांमध्ये त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोटो काढले. स्वयंपाकघरं, गॅरेज, हिरवळ, ४ जुलैला गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून केलेला सण. १९७३ साली त्याचं ‘सबर्बिया’ हे पुस्तक निघालं आणि फोटोंखाली त्याने त्या त्या माणसांचेच उद्गार छापले. त्यात युद्ध नाही, नटनट्या नाहीत, डोंगरदऱ्या नाहीत. आहेत फक्त शेजारी. आणि आज पन्नास वर्षांनंतर तेव्हाची अमेरिका कशी जगत होती हे पाहायचं तर लोक तेच पुस्तक उघडतात.

नागपूरकडे तर याहून दाट ऐवज आहे. १९३६च्या कायद्याने सुधार प्रन्यास आलं आणि शहर महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून बाहेर पडून लेआउटमध्ये पसरू लागलं. आखीव रस्ते, मध्ये मोकळं मैदान, कोपऱ्यावर हनुमानाचं किंवा दत्ताचं देऊळ. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, आता बेसा. या लेआउटमधला उन्हाळा पहाटे सुरू होतो, नऊच्या सुमारास घरात शिरतो आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा रस्त्यावर येतो.

सकाळी सातला एखाद्या गच्चीवर जा. कुरडया सुरू असतात. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून काढलेला चीक पहाटेच शिजलेला असतो. वाटीत दूध-साखर घालून गरम चीक खाणारी मुलं जिन्यात बसलेली. शेजारपाजारच्या दोघीतिघी मदतीला आलेल्या, कारण सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो. आणि पांढऱ्या धोतरावर एकेक चक्र उमटत जातं. आता सूर्याकडे तोंड करून, अगदी खाली वाकून त्या कुरडयांकडे पाहा. ताजा चीक अर्धपारदर्शक असतो. पूर्वेचं तिरपं ऊन त्याच्या प्रत्येक तारेतून आरपार येतं आणि सबंध धोतरभर काचेची वेटोळी पसरल्यासारखी दिसतात. तासाभरात वरचा थर वाळतो, पांढरट होतो आणि हा सगळा खेळ संपतो. त्या तासाभरातच आणखी एक गोष्ट घडत असते. पांढरं धोतर खालून वर उजेड फेकतं आणि सोऱ्या धरून ओणवलेल्या बाईच्या चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतं. स्टुडिओत याच कामासाठी पांढरे पडदे विकत आणून लावतात. इथे आजोबांचं जुनं धोतर ते काम फुकट करतं! सरगुंड्यांचंही तेच. काड्यांवर वळलेल्या कणकेच्या त्या नळ्या एका रांगेत उन्हात ठेवल्या की प्रत्येकीची सावली शेजारणीवर पडते आणि साध्या परातीत नक्षी तयार होते.

दुपारी मात्र ऊन आपली रीत बदलतं. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत असतो. मेच्या सुरुवातीला तो भर मध्यान्ही सावंतवाडीच्या डोक्यावर असतो, मध्यावर पुण्या-मुंबईच्या, आणि २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी नागपूरच्या. त्या क्षणी सरळ उभ्या खांबाला सावली नसते. स्टीलचा पेला गच्चीवर उपडा ठेवला तर त्याच्याभोवती काळी कडसुद्धा उरत नाही. हा शून्य सावलीचा दिवस दिल्लीच्या नशिबी कधीच नसतो, कारण साडेतेवीस अंशांवर पोचून सूर्य माघारी फिरतो. आणि याच सुमारास, २५ मेच्या आसपास, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो व आपला नवतपा सुरू होतो. आजी पंचांग पाहून नऊ दिवस जपायला सांगायची, आणि खगोलशास्त्राचं गणितही नागपूरपुरतं नेमकं त्याच दिवसांवर बोट ठेवतं. मला यात दरवर्षी नव्याने नवल वाटतं. दुसरा असा दिवस जुलैच्या मध्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

डोक्यावरचा सूर्य माणसाच्या चेहऱ्याला वाईट. भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडते, नाकाखाली डाग उमटतो. म्हणून फोटोग्राफर मंडळी दुपार टाळतात. पण दुपार टाळली तर उन्हाळा टळला की! तोंडाला दुपट्टा बांधून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटीवरून जाणाऱ्या मुली, सिग्नलवर हिरव्या जाळीखाली दाटीवाटीने थांबलेल्या गाड्या, टरबुजाच्या ढिगामागे पोतं अंथरून पहुडलेला विक्रेता, हे सगळं दुपारचंच. जाळीखालचा उजेड चेहरे हिरवट करतो. तो रंग दुरुस्त करू नये असं मला वाटतं, कारण ज्यांनी त्या जाळीखाली सिग्नल सुटायची वाट पाहिली आहे त्यांच्या आठवणीत तो तसाच असतो.

दुपारचं खरं आश्चर्य दारात आहे. बाहेर भर उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. आत पडदे ओढलेल्या, वाळ्याच्या वासाने भरलेल्या खोलीत जेमतेम शंभर. हजारपट फरक, आणि मध्ये एक उंबरठा. आपण आत आलो की क्षणभर काही दिसत नाही, मग डोळे जुळवून घेतात आणि हा फरक आपण विसरून जातो. कॅमेऱ्याला एका झटक्यात ते साधत नाही. बाहेरचं दाखवलं तर आतलं काळंभोर होतं, आतलं दाखवलं तर दार पांढरंफेक. नवे फोन यावर युक्ती करतात. पाठोपाठ कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन ते एकावर एक जुळवतात. पण माणसाला उंबरठ्यावरच बसवलं, तर कसल्याच युक्तीची गरज नसते. अंगणातलं ऊन फरशीवरून उसळून अलगद चेहऱ्यावर येतं. दारात बसून कैऱ्या चिरणारी आजी आणि मागे काळोखात घरघरणारा कूलर, एवढा फोटो नागपूरच्या प्रत्येक घरात दररोज तयार असतो. हा कूलरही इथलाच राजा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताट्यांवरून जाताना पाणी झपाट्याने उडतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता वारा देतो.

ऊन आणखी एक शिस्त लावतं. तापलेल्या डांबरावर हवेचे कमीजास्त गरम थर तयार होतात आणि प्रत्येक थरातून येताना प्रकाश किंचित वाकतो. त्यामुळे लांबून, मोठी लेन्स लावून काढलेला दुपारचा फोटो पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. महागातली महाग लेन्स हे टाळू शकत नाही. उपाय एकच, जवळ जाणं. आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. “काय फोटो काढून राहिला रे बाबू?” असं वरून कुणी विचारलंच, तर “काकू, तुमच्या कुरडयांचा, काढू का?” एवढं पुरतं. मग काकू पदर नीट करतात, नको नको म्हणतात आणि खालच्या सुनेलाही हाक मारतात. कुणी खरंच नको म्हटलं तर कॅमेरा खाली. मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावू नये. आपण रोज ज्यांच्या दारावरून जाणार, त्यांच्याशी हा व्यवहार स्वच्छ हवा.

सणांचं मात्र सगळं वेळापत्रक उन्हाला वळसा घालून बसलेलं. चैत्रात रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा संध्याकाळी निघते आणि चित्ररथ रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. पश्चिमेला रामनगरचीही वेगळी शोभायात्रा असते. हनुमान जयंतीचा जन्मोत्सव सूर्योदयाला आणि महाप्रसादाच्या पंगती कोपऱ्याकोपऱ्यावर. १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात बाबासाहेबांच्या जयंतीसाठी लोटलेली गर्दी, दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमी आणि वस्त्यावस्त्यांतलं भोजनदान. मग बुद्धपौर्णिमेची खीर. या सणांत अंधार आणि विजेचे दिवे सांभाळावे लागतात. एप्रिल-मेमध्ये सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि तो जवळपास सरळ खाली उतरत असल्याने संधिप्रकाश जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. जूनमधल्या लंडनात तो पाऊण तास रेंगाळतो. म्हणजे निळसर आकाश आणि पेटलेल्या माळा एकत्र हव्या असतील, तर इथे वेळेआधीच जागा धरून उभं राहायला हवं.

१४ एप्रिलला इंदोऱ्याच्या गल्ल्यांत निळ्या दिव्यांनी फोन गडबडतो, आणि त्याचं कारण मोठं मजेदार आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा, एक लाल आणि एक निळा प्रकाश टिपतो. निखळ निळ्या उजेडात चारांतला तो एकच खरं काम करतो. त्याच्यावर सगळा भार येतो, तो भरून वाहतो आणि चेहऱ्यांचे बारकावे निळ्या डागात बुडून जातात. पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करून घ्यावा, किंवा खीर वाटणाऱ्या मंडपाच्या पांढऱ्या दिव्यापाशी उभं राहावं. पातेल्यातल्या खिरीवर पडलेला तो उजेड वाढणाऱ्या हातांवर आणि पुढे आलेल्या वाट्यांवर परत येतो, मागे निळाई राहते, आणि दोन्ही मिळून रात्र खरी वाटते.

फोटो काढून झाल्यावर ते बहुधा लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. तिथे एक नुकसान होतं. साध्या फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार घटतो आणि त्याच्या पोटात नोंदलेली तारीख, वेळ, जागा पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. त्यातले निवडक प्रिंट करून घ्यावेत, एक ज्यांचा त्यांना द्यावा, एक आपल्याकडे ठेवावा आणि मागे मऊ पेन्सिलीने लिहावं: कुणाची गच्ची, काय वाळत होतं, मदतीला कोण कोण आलं होतं आणि त्या दिवशी पारा किती होता.