नकार वाक्यारंभी आला असता

इंग्रजी विधानात नेव्हर, सेल्डम, हार्डली यांसारखे नकारसूचक क्रियाविशेषण वाक्यारंभी आले, की साहाय्यक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे सरते, आणि आशय निवेदनाचा असूनही रचना प्रश्नाची होते. म्हणून ‘नेव्हर आय हॅव सीन’ हे अशुद्ध व ‘नेव्हर हॅव आय सीन’ हे शुद्ध. साहाय्यक क्रियापद मुळात नसेल, तर डू, डज, डिड यांपैकी एकाची तजवीज करावी लागते : ‘सेल्डम डज ही कम’. २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश वैमानिकांविषयी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उच्चारलेल्या विख्यात वाक्याचे गांभीर्य, माझ्या मते, आरंभीच्या नेव्हरमध्ये आणि कर्त्याआधी येणाऱ्या वॉजमध्येच आहे. सराव करणाऱ्यांची फसगत बहुधा ‘ओन्ली आफ्टर’पाशी होते, कारण तेथे हा क्रमपालट लगतच्या गौण वाक्यात न होता मुख्य वाक्यात होतो : ‘ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय अंडरस्टँड’.